सूज आली की चारा तोडायचा

चिकलठाणा
१८ एप्रिल २०२४

दादा,

हे पत्र होळीच्या आधी लिहायचं होतं. वही आणली, पेन आणला, आणि मग त्या वहीत महिनाभर पाण्याच्या टँकरच्या खेपा लिहीत बसलो, त्या टँकरवर कामाला आहे मी. रोज म्हणायचो, आज दादाला लिहू. तेवढ्यात कुणी चहाला हाक मारायचं, नाहीतर रस्त्यात कुठं गर्दी दिसायची, की मी तिकडं. माझा स्वभाव तुला नवा नाय. तू माझा नंबर तुझ्या फोनमधून बंद करून टाकलास त्याला पाच वर्षं झाली, म्हणून पत्राशिवाय रस्ता नाय. पत्ता गावातल्या कडुबानं दिला. म्हणाला, चाकणला कंपनीच्या मागच्या चाळीत राहतो रामहरी, पोचलं तर पोचलं.

सरळ सांगतो. आबांना कॅन्सर झालाय. जिभेच्या मुळाशी, आत घशाकडं. गळ्याला बाहेरून पण गाठ लागते हाताला, लिंबाएवढी.

दिवाळीपासून त्यांना घास अडकायचा. भाकरी कालवून खायचे, मग नुसतं ताक, मग ते पण नको. मी तेव्हा घरी नव्हतो. जालन्याकडं एका मंडपवाल्याबरोबर होतो, त्याच्याआधी धुळ्याला होतो, ते जाऊ दे. आबांनी काय केलं ते ऐक. मेंढराच्या गळ्याखाली सूज आली की आपण काय करतो? चारा तोडतो. दोन-तीन दिवस नुसतं पाणी दाखवायचं, सूज बसली की पुन्हा चरायला सोडायचं. आबांनी तेच स्वतःला लावलं. सूज आहे तर खायचं नाय. दोन दिवसांचे पंधरा दिवस केले, पंधरा दिवसांचे तीन महिने. अधूनमधून वाटीभर पेज, तेवढंच. मधे मी एकदा घरी आलो होतो. माझ्यादेखत त्यांनी ताट सरकवलं आणि म्हणाले, "उतरंल. लई चरलं की सूज धरती." मी म्हटलं, व्हय. मला ते पटलं होतं, दादा. जन्मभर तेच बघितलंय ना आपण.

फेब्रुवारीत ते मेंढरांजवळच चक्कर येऊन पडले. कडुबानं फुलंब्रीला नेलं, तिथून इकडं शहरातल्या कॅन्सरच्या दवाखान्यात पाठवलं. मागच्या साली बाजारात गंमत म्हणून काट्यावर उभे राहिले होते तेव्हा बासष्ट किलो होते. इथं पहिल्या दिवशी भरले एकोणपन्नास.

डॉक्टरनं विचारलं, "जेवण कधीपासून जात नाही?"

आबा म्हणाले, "जातंय की. म्याच बंद केलं."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी खाली फरशीकडं.

ऑपरेशन नाय म्हणाले. मशिनवर शेक देणार, सोमवार ते शुक्रवार, एकूण पस्तीस वेळा. आठवड्याला एक इंजेक्शन. बावीस तारखेला सुरू होतंय. मेंढरं कडुबाकडं ठेवलीत, चाळीसेक उरलीत. आबा माझ्याकडं आहेत, पत्र्याच्या खोलीत. ऊन मरणाचं आहे.

तू ये असं म्हणत नाय. नुसतं कळवतो.

बन्सी


चिकलठाणा
३० एप्रिल २०२४

दादा,

उत्तर आलं नाय. मी पण चार-चार महिने उत्तर देत नाय, तेव्हा बोलायला तोंड नाय मला.

आबांच्या नाकातून नळी घातलीय. ती थेट पोटात जाते. बाहेरचं टोक कानाजवळ चिकटपट्टीनं लावलंय. तोंडानं आता पाणीसुद्धा अवघड झालंय, म्हणून सगळं नळीतून. इथं आहाराच्या एक मॅडम आहेत, नीरजा मॅडम. पुंडलिकनगरला राहतात. मी टँकर घेऊन त्यांच्या गल्लीत जातो हे कळल्यावर म्हणाल्या, "तरीच म्हटलं चेहरा ओळखीचा वाटतो. आमच्याकडे नळ कधी येईल ते देव जाणे, तुम्हीच आमचे वाली."

त्यांनी मला स्वयंपाक शिकवला म्हण. दूध, अंडं उकडून, भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, सातूचं पीठ, चमचाभर तेल, साखर. मिक्सरमधून काढायचं आणि फडक्यानं गाळायचं, नाहीतर नळी तुंबते. पहिल्या दिवशी मी ज्वारीचं पीठ घातलं, ते आत असं बसलं की नळी बदलावी लागली. पिचकारीचा दट्ट्या काढायचा, पिचकारी नळीला लावून उंच धरायची, आणि हळूहळू आपोआप उतरू द्यायचं. आबांना सरळ बसवायचं. वरून थोडं पाणी. दर दोन तासाला अडीचशे मिली, दिवसातून सात वेळा. एक वही दिलीय. दिलं की वेळ लिहून पुढं बरोबरची खूण करायची. ती वही दर सोमवारी मॅडम बघतात.

आबांनी पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं. तेव्हा बोलत होते अजून, बोबडं का होईना. "मॅडम, सूज हाय आन् तुमी भरवायलाय. मेंढराला असं केलं तर मरतंय."

मॅडम खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "आबा, मेंढराचं मला माहीत नाही. पण ही सूज नुसती गळ्यात नाही, ती रक्तात गेलीय. हा बघा रिपोर्ट, सुजेचा आकडा वर आणि ताकदीचा आकडा खाली. ह्या सुजेला बाहेरून चारा मिळाला नाही की ती आतलं मांस खाते. तुम्ही तीन महिने उपाशी राहिलात ना, तेव्हा गाठ उपाशी नव्हती. तुम्हीच होतात."

आबा म्हणाले, "तुमी मेंढरं किती राखली?"

"एकही नाही. मी माणसं राखते."

आबा हसले. हसताना दुखतं त्यांना, तरी हसले.

बाहेर आल्यावर मॅडम मला म्हणाल्या, नुसतं खाऊन गाठ जाणार नाय, खोटी आशा मी लावत नाय. पण पस्तीस वेळा शेक सोसायला अंगात काहीतरी पाहिजे. वजन घसरत गेलं तर माणूस मधेच बसतो, मग मशिन थांबवावं लागतं. आणि मशिन थांबलं की गाठीला वाढायला सवड. "सगळं ह्या वहीवर आहे," म्हणाल्या.

माझ्या वहीवर. शाळेतल्या माझ्या वह्या आठवतात का तुला?

गावात टँकर तिसऱ्या दिवशी येतो म्हणे, कधी चौथ्या. आणि इथं मी रोज सहा-सहा टँकर नव्या बिल्डिंगींना पोचवतो. आमच्या खोलीसमोर अकरा मजले झालेत, अजून कुणी राहायला आलेलं नाय, तरी खालच्या झाडांना पाणी लागतं. आबा दारातून बघत बसतात.

बन्सी


चिकलठाणा
१२ मे २०२४

दादा,

सगळं ठीक आहे. घाईत लिहितोय.

शेक चालू आहे, तेरा-चौदा झाले असतील. उद्या मतदान म्हणून मशिनला सुट्टी. आबांचा गळा बाहेरून भाजल्यासारखा काळा-लाल झालाय, आत तोंडात फोड आहेत. बोलणं बंद. हातानं सांगतात. मॅडम म्हणाल्या, हे होतंच, ह्याच दिवसांत जपायचं.

वही बरोबर आहे. सातच्या सात खुणा रोज.

इथं विमानतळाची भिंत आमच्यापासून जवळ आहे. एका जागी भिंत जरा बसलीय, तिथून धावपट्टी दिसते. संध्याकाळचं मुंबईचं विमान उतरताना चाकं टेकतात तेव्हा धूर निघतो, ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. अप्पाराव म्हणून आमचा ड्रायव्हर आहे, तो म्हणतो, "बन्सी, तुला टँकरवर ठेवण्यापेक्षा भिंतीवर ठेवायला पायजे." तो बीडचा आहे. त्याला सगळ्या गाड्यांचे हॉर्न तोंडानं काढता येतात.

आबांचं वजन सोमवारी केलं नाय, काटा बंद होता. ठीकच असणार.

बन्सी


चिकलठाणा
२१ मे २०२४

दादा,

मागच्या पत्रात खोटं लिहिलं होतं. काटा बंद नव्हता. आम्ही गेलोच नव्हतो मॅडमकडं, मी शेक झाल्यावर आबांना मागच्या दारानं काढून आणलं.

काल गेलो. आबा भरले चव्वेचाळीस.

मॅडमनी वही चाळली. एकेक पान. प्रत्येक पानावर सात खुणा, एकसारख्या, एकाच पेनच्या. म्हणाल्या, "ह्या वहीप्रमाणे आबांचं वजन वाढायला हवं होतं, बन्सी." मी म्हटलं, "व्हय मॅडम, मलाबी नवल वाटतंय." बघ, तेव्हासुद्धा. मग त्या आबांकडं वळल्या. "आबा, हा सगळं देतो ना तुम्हाला?"

आबांनी मान हलवली. हो. मॅडमनी पुन्हा विचारलं. पुन्हा हो.

माझ्याच्यानं ते बघवलं नाय. मी म्हटलं, "मॅडम, खोटं हाय. सात नाय. कधी तीन, कधी चार. एक दिवस दोनच."

आबांनी माझ्या हातावर हात ठेवला. गप बस म्हणून.

कसं झालं ते तुला सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाय. आधी एखादं चुकायला लागलं. सकाळी मी टँकरवर जातो, दहाच्याला येऊन देतो, बाराच्याला यायचं तर अप्पारावला गाडी वळवायला सांगायची. तो वळवायचा बिचारा. मीच कधी सांगायचो, कधी नाय. संध्याकाळी भिंतीजवळ उभा राहायचो, आज बघून जातो, एकच विमान. त्यात तास. मग आल्यावर वहीत मागची खूण पण करून टाकायचो. पहिल्यांदा पेन उचलून पुन्हा खाली ठेवला, दुसऱ्यांदा नाय.

पण खरं कारण ते पण नाय. फोड वाढले, गळा सुजून टम्म झाला, तेव्हा मी पिचकारी उचलली की आबा पंजा आडवा हलवायला लागले. चारा तोड. त्यांच्या मनातून ते गेलंच नव्हतं, दादा. मॅडमपुढं हसले, मान डोलावली, पण मनात मेंढरंच. सूज वाढली म्हणजे हा पोरगा जास्त चारतोय. आणि मी थांबायचो. मी म्हणायचो, आबाच नको म्हणतात. मला सोपं पडलं. मला बरं वाटलं की आता दोन तास मोकळे. हे लिहायला मला काल रात्रीपासून जमत नव्हतं.

अठरा झाले. काल एकोणिसावा द्यायचा होता, तो दिला नाय. ताप आहे, तोंडातल्या फोडांत पू धरलाय, रक्तातला सुजेचा आकडा पहिल्यापेक्षा दुप्पट आहे. डॉक्टर म्हणाले, ह्या अंगावर मशिन चालवलं तर माणूस मशिननंच जायचा. पुढच्या गुरुवारी, तीस तारखेला, पुन्हा बघणार. ताप उतरला असंल आणि वजन चव्वेचाळीसच्या खाली गेलं नसंल, तर पुढं चालू. नाहीतर मग, म्हणाले, आपण फक्त दुखू नये एवढं बघू. त्याचा अर्थ मी विचारला नाय. कळला.

मॅडम रागावल्या नाय. रागावल्या असत्या तर बरं. वहीतलं नवीन पान काढून दिलं. "उद्यापासून जे खरं तेच लिहायचं. रिकामं राहिलं तर रिकामं. मला रिकामं चालतं." मग म्हणाल्या, "घरात अजून कोणी आहे का? उठून न जाणारं?"

मी म्हटलं, भाऊ आहे.

त्या दुष्काळाच्या साली तू आबांना न विचारता कळपातला पुढचा मेंढा विकून कडबा आणलास, आणि आबांनी सगळ्या गावादेखत तुझ्या हातातली कळपाची काठी काढून माझ्या हातात दिली. तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. मला माहिती होतं की तू बरोबर केलंस. त्या कडब्यावर तीस मेंढरं जगली. मी एक शब्द बोललो नाय. काठी घेतली, आणि महिन्याभरात ती दारामागं ठेवून पळालो. तू आबांवर रागावलायस असं सगळे म्हणतात. मला वाटतं तू माझ्यावर रागावलायस, आणि ते बरोबर आहे.

ये दादा. आठ दिवस ये. मला बोल, काय बोलायचं ते. पण आबांपुढं बस, आणि त्यांनी पंजा हलवला तरी पिचकारी खाली ठेवू नकोस. तू ठेवणार नाहीस. माझ्याच्यानं होत नाय.

बन्सी


चिकलठाणा
२६ मे २०२४, रविवार

दादा,

वाट बघितली. चार दिवस बसस्टँडवरून येणाऱ्या प्रत्येक रिक्षाकडं बघितलं. आता बघणं सोडलं.

टँकरचं काम सोडलं. अप्पाराव काल येऊन गेला, बिस्किटाचा पुडा देऊन गेला. म्हणाला, "तुझ्या जागेवर नवा घेतलाय. तो विमानं बघत नाय, पण झोपतोय." आबांना पण हसू आलं असं मला वाटलं.

मी आबांना सोडून हललो नाय. पाच दिवस. तुला खरं वाटणार नाय, मला पण नाय. पत्रा तापला की डोकं सुन्न होतं. ओलं पोतं टाकतो वर, अर्ध्या तासात वाळतं. वहीत पहिल्या दिवशी पाच खुणा आहेत, दुसऱ्या दिवशी पाच, मग चार, मग पाच, काल चार. बाकीचं रिकामं. सगळं खरं आहे.

का रिकामं ते पण लिहितो. मी इथं असून रिकामं. पिचकारी लावली की आबा नळी बोटांत धरून मुरगाळतात. उतरतच नाय मग. मी म्हणतो, "आबा, मॅडमनी सांगितलंय." पंजा आडवा. मी म्हणतो, "आबा, गुरुवारी काटा हाय." पंजा आडवा. एकदा मी ओरडलो, "तुमी मेंढरू नाय." तेव्हा त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मीच पिचकारी खाली ठेवली. दादा, मी जन्मात आबांच्या तोंडावर त्यांना नाही म्हटलेलं नाय. मला वाटायचं मी कुणाचं ऐकत नाय, फिरतो, मनाचा राजा. तसं नाय ते. मी नाही म्हणू शकत नाय म्हणून पळतो. ह्या खोलीत पळायला जागा नाय तेव्हा ते दिसलं.

कडुबा परवा आला होता. आबांच्या पायाशी बसला. मी त्याला बाहेर घेऊन म्हटलं, तू सांग त्यांना, तुझं ऐकतील. तो विचार करून म्हणाला, "काय सांगू बन्सी. म्याबी सुजेला चाराच तोडतो." आणि गेला. गावात टँकर पाच दिवसांनी आला म्हणे.

ताप उतरलाय, ते एक बरं. काल कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानात आबांना धरून नेलं आणि पोत्याच्या काट्यावर उभं केलं. साडेत्रेचाळीस. दुकानदार म्हणाला, काटा अर्धा किलो कमी दाखवतो. सगळेच दुकानदार असं म्हणत असतील. अर्धा किलो, दादा. दोन वाट्या कुटाएवढं. चार दिवस उरलेत आणि सातच्या सात गेले तर होतंय. पाच गेले तर नाय. हे मॅडमनी मला फोनवर हिशोब करून सांगितलं, आवाज न चढवता.

दहाचं दिलं होतं, अर्धं गेलं. बाराचं आबांनी मुरगाळलं. म्हणून वही बाजूला ठेवून तुला लिहायला बसलो. तू वाचत असशील नसशील, मला आता

दार वाजतंय. थांब.

दादा, वहिनी आलीय.

तुझी बायको. सत्यभामा वहिनी. एक पिशवी, एक पिठाचा डबा, तोंडाला रुमाल बांधलेला. पहाटेच्या गाडीनं चाकणहून निघाली, बसस्टँडवरून पत्ता विचारत चालत आली म्हणते. मी दारातच उभा राहिलो तर म्हणाली, "सरका की भाऊजी. का बाहेरनंच बघून जाऊ?"

पिशवीतून माझी चारी पत्रं काढून तिनं खाटेवर ठेवली. म्हणाली, "पहिलं त्यांनी फोडलं. वाचलं, आन् दोन दिवस जेवले नाय. बाकीची तशीच कपाटावर ठेवली. काल म्या फोडली." मग वही उचलली, उभ्या उभ्या वाचली. "बाराचं रिकामं का?"

मी म्हटलं, आबा नळी मुरगाळतात.

तिनं हात धुतले. पातेल्यातलं गाळून घेतलं, पिचकारीत ओतलं. डोक्यावर पदर घेतला आणि आबांसमोर पाटावर बसली. लग्न होऊन आठ वर्षं झाली, पण आबा कधी तिच्याशी समोरासमोर बोललेले नाय, ती त्यांच्याशी नाय. ती घरात आली की आबा ओसरीवर जायचे, तुला माहिती आहे. इथं ओसरी कुठली. आबांनी चाचपून टोपी शोधली, डोक्यावर घातली, भिंतीला पाठ लावून सरळ बसले. नळी मुरगाळायला हात वर उचलला होता, तो तसाच हवेत.

वहिनीनं माझ्याकडं बघितलं, त्यांच्याकडं नाय. म्हणाली, "भाऊजी, मामांना सांगा, म्या देतीय. हात खाली ठेवा म्हणावं."

मी सांगायच्या आधीच आबांनी हात खाली घेतला. सुनेवर पंजा कसा हलवणार.

आता उतरतंय. मी शेजारी बसून हे लिहितोय, ती पिचकारी उंच धरून बसलीय, तिचा हात दुखतोय पण बदलायला देत नाय. आबांनी डोळे मिटलेत.

तिनं तुला सांगितलेलं नाय, तू रात्रपाळीवर असताना निघाली. हे पत्र पोचेपर्यंत तुझं सगळीकडं शोधून झालेलं असंल. ती इथं आहे. गुरुवारच्या काट्यापर्यंत हलणार नाय म्हणते.

बन्सी